चार दिवसांचा गडी

"तो मायाकडे कायमचा नव्हताच ना भाऊ. ठिय्यावरून आनला होता, चार दिवसांच्या कामासाठी."

कामावर अपघात झाला, मजुराची बोटे गेली आणि महिना-दोन महिन्यांनी भरपाईची नोटीस आली की लहान मालकाच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा हेच निघते. त्यात खोटे काही नसते. मजूर खरोखरच चार दिवसांसाठी आलेला असतो. त्याचे आडनावही मालकाला नीट ठाऊक नसते, हजेरीच्या वहीत नोंद नसते, पगारपत्रक तर दूरच. रोज संध्याकाळी हातावर पैसे ठेवायचे आणि 'उद्या लवकर ये' म्हणायचे, एवढाच दोघांमधला करार. म्हणून मालकाला मनापासून वाटते की हा आपला कामगार नव्हता, मग भरपाई कसली?

हे प्रकरण त्या मालकासाठी आहे. मजुरासाठीही आहे, पण मजुराला त्याचे हक्क सांगणारी पुस्तके निदान काही तरी आहेत. पाच-सहा माणसांवर धंदा चालवणाऱ्या, स्वतःही पहाटेपासून पोती उचलणाऱ्या मालकाशी कायद्याबद्दल सरळ बोलणारे कोणी नसते. मग तो शेजाऱ्याच्या सल्ल्याने चालतो आणि बुडतो.

नांदगाव पेठ हे उदाहरणाला चांगले ठिकाण आहे. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की लगेच औद्योगिक वसाहत लागते. १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, कापडाचे मोठे कारखाने, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली ते सुमारे हजार एकरांचे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क, हे सगळे याच परिसरातले. मोठ्या कारखान्यांकडे कायदा सांभाळणारी माणसे असतात. पण एका मोठ्या कारखान्याभोवती कितीतरी लहान धंदे उभे राहतात: फॅब्रिकेशनचे शेड, मालाची चढउतार करणारा ठेकेदार, रंगकामाचे उक्ते घेणारा, डाळीची छोटी मिल, सिमेंटच्या विटा पाडणारा. या सगळ्यांचे काम हंगामावर आणि ऑर्डरवर चालते. आज दोन माणसे पुरतात, उद्या आठ लागतात. ती वाढीव सहा माणसे मजुरांच्या ठिय्यावरून येतात, मेळघाटातून येतात, सीमेपलीकडच्या बैतूल-खंडव्याकडून येतात. अपघात याच माणसांना लवकर गाठतो, कारण यंत्राची त्यांना सवय नसते आणि पहिल्या दिवशी काम समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

एक उदाहरण मांडतो. माणसे कल्पित आहेत. कायदा आणि हिशेब खरे आहेत.

समजा, एकाची लहानशी दालमिल आहे. कायमचे पाच जण. तुरीचा हंगाम आला म्हणून ठिय्यावरून तीन गडी आणले, रोज ५०० रुपये. त्यांतला एक तीस वर्षांचा. चौथ्या दिवशी यंत्र चालू असतानाच पट्ट्याजवळ अडकलेले पोते ओढायला गेला आणि उजव्या हाताची तीन बोटे पुलीत गेली. पट्ट्यावरची जाळी आठवड्यापूर्वी दुरुस्तीसाठी काढली होती, ती परत बसवायची राहून गेली होती. मालकाने त्याला स्वतःच्या गाडीत घालून अमरावतीला नेले, दवाखान्याचे साठ हजार भरले, घरी जाताना हातात दहा हजार दिले. मालक वाईट माणूस नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की आहे: मला जेवढे करता येत होते तेवढे मी केले.

दीड महिन्याने वकिलाची नोटीस आली.

आता कायद्याकडे वळू. १९२३ साली भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. जवळजवळ नव्वद वर्षे तो 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' या नावाने ओळखला जाई. १८ जानेवारी २०१० पासून 'वर्कमन'च्या जागी 'एम्प्लॉयी', म्हणजे कर्मचारी, हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. कलमांचे क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. कोर्टात अजून बरीच वर्षे जुन्या कायद्याचीच भाषा ऐकू येईल, कारण जुने अपघात जुन्या कायद्याने तपासले जातात. म्हणून इथे मी जुनीच कलमे सांगतो.

या कायद्यात एक पळवाट होती, आणि आपल्या मालकाचे वाक्य नेमके तिच्यावरच उभे आहे. 'वर्कमन'च्या व्याख्येतून एक माणूस वगळला होता: ज्याचे काम नैमित्तिक आहे आणि जो मालकाच्या धंद्यासाठी कामावर ठेवलेला नाही असा. नीट वाचले तर यात दोन अटी होत्या, दोन्ही एकाच वेळी लागत. चार दिवसांचा गडी जर धंद्याच्याच कामाला लावला असेल तर त्या काळीही तो वगळला जात नव्हता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त 'नैमित्तिक' हा शब्द. पुढे २००० सालच्या दुरुस्तीने ते शब्दच कायद्यातून काढून टाकले. ८ डिसेंबर २००० पासून ते नाहीत. म्हणजे ज्या ढालीवर नांदगाव पेठेतला मालक आज विसंबतो, ती जाऊन पाव शतक झाले.

मग उरते ते काय? काम कायद्याच्या यादीत बसते का, एवढेच. दुसऱ्या अनुसूचीत ही यादी आहे आणि ती लांब आहे. वीज किंवा यांत्रिक शक्ती वापरून जिथे माल तयार होतो तिथला कोणताही माणूस तिच्यात येतो. माणसे पाच आहेत की पन्नास, हे तिथे विचारलेले नाही. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने होणारी शेती यादीत आहे, म्हणजे सोयाबीन काढणारा थ्रेशर, ज्याला काही गावांत हडंबा म्हणतात, त्यावर पेंढ्या सारणारा गडीही आत आला. मालाची चढउतार आहे, ठरावीक उंचीवरचे बांधकाम आहे, कूपनलिकेचे काम आहे. दालमिल तर आहेच.

आपल्या मालकाचा दुसरा बचाव असतो, "चूक त्याचीच होती. मी काय त्याले जबरदस्ती केली होती काय, चालू यंत्रात हात घाल म्हणून?" हा बचाव माणसाच्या मनातून सहज उगवतो. एके काळी तोच कायदा होता.

१८३५ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरकडे एका खाटकाचा गडी मालकाचा माल घेऊन गाडीतून निघाला. गाडीत बेताबाहेर माल भरला होता. ती मोडली आणि गड्याची मांडी मोडली. त्याने मालकावर दावा लावला, ज्यूरीने त्याला १०० पौंड दिले. मालक लहानच होता, खाटकाचे दुकान चालवणारा. १८३७ साली वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. मालकाने नोकराची स्वतःपेक्षा जास्त काळजी घ्यावी असे बंधन नाही, धोका नोकरालाही तेवढाच दिसत होता, त्याला काम नाकारता आले असते, असा तो विचार. ज्याला संध्याकाळच्या पिठाची काळजी आहे तो काम कसे नाकारील, हा प्रश्न त्या न्यायासनासमोर उभा राहिला नाही. पुढची साठ वर्षे इंग्लंडमधल्या गिरण्यांत आणि खाणींत लुळीपांगळी झालेली हजारो माणसे या एका निकालाच्या भिंतीवर आपटून परत गेली. भिंत फुटायला सुरुवात झाली ती जर्मनीतून, १८८४ च्या अपघात विमा कायद्याने. इंग्लंडने १८९७ साली आपला कायदा केला. आणि १९२३ साली, ना. म. जोशींसारखा कामगारांचा माणूस मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेला असताना, भारतात तो आला.

या नव्या कायद्याची खरी क्रांती एका गोष्टीत आहे, ती म्हणजे चूक कोणाची हे विचारायचेच नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला का, एवढेच पाहायचे. कापसाला बोंडअळी लागते तसा यंत्राच्या कामाला अपघात लागतो. त्याचा खर्च हा विजेच्या बिलासारखा, पोत्यांच्या किमतीसारखा धंद्याचाच खर्च आहे. तो ज्याचा धंदा आहे त्याने द्यावा, ज्याची बोटे गेली त्याच्या घरावर तो पडू नये. मालकाला हे पटायला जड जाते, कारण भरपाई म्हटली की त्याला शिक्षा ऐकू येते. पण भरपाईचा आदेश मालकाला गुन्हेगार ठरवत नाही. एवढे जरी मालकाच्या मनात उतरले तरी अर्धी भांडणे कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत, असे मला खात्रीने वाटते.

अपवाद आहेत, पण अरुंद. मजूर दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक जाळी त्याने स्वतः मुद्दाम काढली, तर मालक सुटू शकतो. तेही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल तरच. साधा निष्काळजीपणा, घाई, विसर हे बचाव नाहीत. आपल्या उदाहरणात जाळी मालकाच्याच दुरुस्तीत निघाली होती.

नैमित्तिकपणा आणि निष्काळजीपणा हे दोन्ही बचाव एकाच खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. खटला ओडिशातल्या जेपूरचा. एका चित्रपटगृहाच्या मालकाने सजावटीच्या लाकूडकामासाठी एक सुतार लावला होता. ६ जुलै १९६८ रोजी तो वरून पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. महिन्याची कमाई १२० रुपये. मालकाचे म्हणणे दुहेरी होते: हा माझा नोकर नाही, नैमित्तिक ठेकेदार आहे, आणि अपघात त्याच्याच चुकीने झाला. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी दोन्ही नाकारले. मग वाद उरला अपंगत्वाचा. मालक म्हणे, एकच हात गेला आहे, दुसरा आहे ना! आयुक्तांनी साधी गोष्ट पाहिली, की सुतारकाम एका हाताने होत नाही. रंधा एका हाताने चालत नाही, करवत चालवताना लाकूड धरायला दुसरा हात लागतो. म्हणून त्याच्यासाठी हे शंभर टक्के अपंगत्व. भरपाई ९,८०० रुपये, वर निम्मा दंड आणि व्याज.

४ डिसेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी हा निकाल कायम केला आणि एक गोष्ट कायमची ठरवून टाकली: भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या क्षणी जन्मते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नाही. दंड का कायम ठेवला, हे सांगताना न्यायालयाने मालकाच्या वागण्यावर बोट ठेवले. कायद्याप्रमाणे तात्पुरती रक्कमही त्याने दिली नाही, खोटे बचाव घेतले, आणि सुतार स्वतः त्याच्याकडे भरपाई मागायला गेला तेव्हा त्याने दाद दिली नाही. हात गेलेला माणूस आधी कोर्टात गेला नव्हता. आधी मालकाच्या दारात गेला होता.

आता हिशेब. सूत्र सोपे आहे, त्याला वकील लागत नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मृत्यू झाला तर ५० टक्के. गुणक चौथ्या अनुसूचीत आहेत: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. अपंगत्व अंशतः असेल तर आलेल्या रकमेचा तेवढा टक्का. बोटाबोटाचा टक्का पहिल्या अनुसूचीत लिहिलेला आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण लिहिणे भागच होते: अंगठा ३०, एका हाताची दोन बोटे २०, तीन बोटे ३०, चार बोटे ५०.

आपल्या गड्याचा रोज ५००. तो चारच दिवस होता, मग महिन्याची मजुरी कशी धरायची? कायद्याने याचीही सोय केली आहे. एक महिनासुद्धा काम झाले नसेल तर तशाच कामाला त्याच मालकाकडे किंवा त्या भागात जी मजुरी मिळते ती धरतात. २६ दिवस धरले तर १३,००० रुपये. त्याचे ६० टक्के ७,८००. गुणिले २०७.९८, म्हणजे १६,२२,२४४. तीन बोटांचे ३० टक्के, ४,८६,६७३ रुपये. वर उपचाराचा खर्च वेगळा.

हा आकडा ऐकून लहान मालकाच्या पोटात गोळा येतो. पण मला जास्त काळजी पुढच्या आकड्याची वाटते. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागते. या रकमेवर वर्षाचे ५८,४०० रुपये. आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, म्हणजे २,४३,००० च्या वर. दावा तीन वर्षे चालला आणि दंड पूर्ण बसला तर पावणेपाच-पाच लाखांचे प्रकरण नऊ लाखांच्या पुढे जाते. वकिलाची फी आणि तारखांना बंद राहिलेली मिल यात धरलेली नाही. 'कोर्टात पाहून घेऊ' या सल्ल्याची ही किंमत आहे, आणि तो सल्ला देणारा ती भरत नाही.

दवाखान्याच्या साठ हजारांचे काय? मालकाला वाटते, ते वजा होतील. होत नाहीत. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की उपचारासाठी दिलेली रक्कम भरपाईत धरायची नाही. दवाखान्याचा खर्च देणे हे मालकाचे स्वतंत्र कर्तव्य आहे. म्हणून ती बिले आणि पावत्या जपून ठेवाव्यात, पण भरपाई फिटली असे मानू नये.

आणि मग ते समजूतपत्र. दोन्हीकडची चार शहाणी माणसे बसतात, पन्नास हजारांवर तोड निघते, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात की 'यापुढे माझी काही तक्रार राहणार नाही', अंगठा-सही होते, चहा होतो. मालक निश्चिंत. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. तडजोड करता येते, पण ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. शिवाय आधी दिलेल्या पैशांतून, आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर, निम्म्यापेक्षा जास्त वजाही करता येत नाहीत. मजूर दगावला असेल तर भरपाई वारसांच्या हाती थेट द्यायचीच नाही, आयुक्तांकडे जमा करायची. थेट दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ उचल सोडून, दिली असे धरतच नाहीत. जखमी स्त्री कामगार असेल तर तिची एकरकमी भरपाईही अशीच जमा करावी लागते. हे नियम मालकाला छळण्यासाठी नाहीत. विधवेच्या हातातली रक्कम दिराच्या, सावकाराच्या हाती जाऊ नये म्हणून शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी फार पुढचे पाहून ते लिहिले. भरपाईच्या पैशावर जप्तीही येत नाही.

महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश भरपाई आयुक्त म्हणूनही काम पाहतात. दावा अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांत लावायचा असतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. अपघात जिथे झाला तिथे लावता येतो तसा मजूर जिथे राहतो तिथेही लावता येतो. म्हणजे बैतूलकडचा गडी गावी निघून गेला, आता कोण येतो नांदगाव पेठेला, असे समजण्यात अर्थ नाही. त्याच्या गावाकडच्या न्यायालयाची नोटीस मालकाला येऊ शकते. आणि निकालाविरुद्ध नागपूर खंडपीठात जायचे तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, शिवाय मुद्दा कायद्याचा आणि महत्त्वाचा असावा लागतो. साक्षीपुरावा पुन्हा तपासून घेण्यासाठी हायकोर्ट नाही.

'तो माझ्याकडे नव्हताच' असे म्हणून पाहावे का? काही जण तसे सुचवतात. हजेरी नाही, कागद नाही, कोण सिद्ध करणार? हा सल्ला अनीतीचा तर आहेच, पण त्यातला धोकाही मालकाला कोणी सांगत नाही. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात केसपेपर होतो. 'कसे लागले' या प्रश्नाला त्या घाबऱ्या घडीला जे उत्तर दिले जाते ते डॉक्टर लिहून घेतात, आणि दालमिलच्या पट्ट्यात हात गेला हे बहुधा मालकानेच सांगितलेले असते. पोलीस पंचनामा करतात. बरोबरचे दोन गडी असतात. अर्ज मंजूर व्हायला एवढे पुरते, आणि खोटा बचाव घेतला हे दंडाचे कारण ठरते. जेपूरला तेच झाले.

मग अपघात झाला की लहान मालकाने करायचे काय? उपचार आधी, हे सांगायला नको. त्याच दिवशी मजुराचे पूर्ण नाव, वय, गाव, रोज आणि तो किती दिवस कामावर होता हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत आयुक्तांना कळवावे. विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवावे, कारण उशीर झाला की कंपनी त्यावरच बोट ठेवते. अपंगत्वाचा दाखला यायला वेळ लागतो, तोवर थांबू नये: जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम महिन्याच्या आत आयुक्तांकडे जमा करावी. उरलेल्या रकमेबद्दल वाद घालण्याचा हक्क त्याने जात नाही. आपल्या मालकाने गड्याला दिलेले दहा हजार आणि कुठून तरी उभे केलेले दोन लाख पहिल्याच महिन्यात जमा केले असते, तर दंडाचा प्रश्न बराचसा तिथेच मिटला असता. मजूर काही काळ कामाला मुकला पण पुढे बरा झाला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के द्यायचे असतात. लहान दुखापतीत एवढ्यानेच प्रकरण संपते.

पण पाच लाख आणायचे कुठून? पाच माणसांच्या मिलमालकाला हा प्रश्न खराच आहे, आणि अपघातानंतर त्याला उत्तर नाही. उत्तर आधीचे आहे. दहा किंवा जास्त माणसे असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना लागते. महिन्याला २१,००० पर्यंत मजुरी असलेला रोजंदारही तिच्यात येतो. मालकाने मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. मग कामावरच्या इजेची भरपाई योजनेचे महामंडळ देते आणि मालकावर या कायद्याखाली दावा चालत नाही. नव्या संहितेत दहापेक्षा कमी माणसांच्या धंद्यालाही मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने आत जाता येते. ते जमत नसेल तर सर्वसाधारण विमा कंपन्यांची कर्मचारी भरपाई पॉलिसी आहे. ती घेताना मालक चूक करतो ती अशी: पाच कायमच्या माणसांचा आकडा लिहितो आणि हंगामातले रोजंदार सोडून देतो. अपघात होतो तो सोडलेल्यांपैकी एकाला. दुसरे, व्याज त्यात धरले आहे का ते वाचत नाही. दंड तर विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मजुराच्या खात्यावर जरूर असावी, पण तिच्यामुळे मालकाची जबाबदारी रुपयानेही कमी होत नाही.

ठेकेदाराबद्दल एक गोष्ट, कारण नांदगाव पेठेत पुढच्या काही वर्षांत ठेकेदारच वाढणार आहेत. मोठ्या कारखान्याने आपल्या धंद्यातले काम ठेक्याने दिले आणि तिथे ठेकेदाराचा मजूर जखमी झाला, तर तो कारखान्याकडूनही भरपाई मागू शकतो. कारखाना देईल आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वसूल करील. कलम १२ त्याला तसा हक्क देते. म्हणजे शेवटचा भार पुन्हा लहान माणसावर. ठेक्याचा दर लावताना विम्याचा हप्ता त्यात धरला नाही, तर तो ठेका तोट्याचाच घेतला असे समजावे.

मजुराच्या कामावर येण्याजाण्याचाही प्रश्न आता सुटला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना वाटेत अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केले. येण्याजाण्याचा वेळ, जागा आणि काम यांचा धागा जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामातलाच. त्याच्या कुटुंबाला हे कळायला बावीस वर्षे लागली.

आपल्या उदाहरणातल्या गड्याकडे परत येऊ. त्याची तीन बोटे गेली तो उजवा हात. अनुसूचीत त्याला ३० टक्के आहेत. पण पोते उचलायला लागते ती मूठ, आणि ती मूठ आता बसत नाही. त्याचा वकील जेपूरच्या सुताराचा निकाल घेऊन उभा राहील आणि म्हणेल, हमाली एका हाताने होत नाही. तेव्हा ३० टक्क्यांचा आकडा वाढूही शकतो. मालकाने हे धरून चालावे.

आज रात्री मिल बंद करण्यापूर्वी दोन कामे करा. उद्या जे रोजंदार येणार आहेत त्यांची नावे हजेरीच्या वहीत लिहा, आणि विम्याच्या एजंटला फोन करून पॉलिसीत त्यांचा आकडा घालून घ्या. आणि पट्ट्यावरची जाळी काढलेली असेल तर उद्या यंत्र सुरू करण्याआधी ती बसवा.